मिसेस डनिगनच्या दारातलं वाक्य

न्यूयॉर्कहून आलेल्या बसच्या पोटातून फिल्मचे डबे बाहेर निघाले आणि नेओमी टार्लोनं ते हिसकावूनच घेतले. सामान उतरवणाऱ्यानं सही मागितली. तिनं सही केली आणि त्याचंच पेन खिशात घालून ती धावत सुटली. बाहेर तिची मैत्रीण रोझ पिंकस गाडी चालू ठेवून बसली होती. मार्च उजाडला तरी बोस्टनच्या रस्त्यांवर बर्फाचा काळा चिखल साचलेला, आणि रोझची गाडी एकदा बंद पडली की तासभर रुसून बसायची.

"आले?" रोझनं विचारलं.

"सगळे डबे आले! चल ना, काय बघत बसलीस?"

"तुझं तोंड बघतेय. माझी बहीण लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी लाल झाली नव्हती."

"तुझ्या बहिणीला नवरा हो म्हणणार हे आधीच ठाऊक होतं. व्हिटकम काय म्हणणार ते मला ठाऊक नाही."

प्रोफेसर लेलँड व्हिटकम काय म्हणणार यावर नेओमीचं सगळं अडलं होतं. ती नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये, विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात प्रबंध लिहीत होती आणि व्हिटकम तिचे मार्गदर्शक होते. त्या विभागातली मंडळी शब्दांचा कीस पाडण्यात पटाईत. त्यांचं म्हणणं तसं साधंच होतं. आजवरच्या तत्त्वज्ञांनी ज्ञान, सत्य, इच्छा असले शब्द उंच छताला टांगून ठेवलेत. ते खाली काढा आणि माणसं ते कुठं, कधी, कुणाशी बोलताना वापरतात ते बघा. अर्धी कोडी तिथंच सुटतात. उरलेली अर्धी मुळात कोडी नव्हतीच, असं कळतं.

त्यासाठी दर बुधवारी दुपारी ही मंडळी एका लांब टेबलाभोवती जमायची. कुणीतरी एखादा प्रसंग सांगायचा आणि मग तो ठरलेला प्रश्न यायचा: "अशा वेळी आपण काय म्हणू?" वाट पाहणं आणि नुसतं थांबणं यांत फरक काय, यावर त्या हिवाळ्यात दोन बुधवार गेले होते. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, रिकामटेकडे आहेत झालं. नेओमीला मात्र त्या टेबलाशी बसलं की अंगावर काटा यायचा. शब्द तेच असत, रोजचे, भाजीवाल्याशी बोलायचे. पण कुणीतरी दिवा लावावा तसे ते एकेक करून उजळत जायचे.

तिथल्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि खिळ्यांना चहा-कॉफीचे कप टांगलेले होते. ज्याचं काम व्हिटकमनी मानलं त्याला कप. हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. बाकीच्यांसाठी कागदी पेले. नेओमी आली तेव्हापासून कागदाची चव लागलेली कॉफी पीत होती, आणि रांगेच्या टोकाला लोंबणाऱ्या, कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्यानं शिकागोला जाताना मागं ठेवलेल्या हिरव्या कपाकडे बघत होती.

तिचा प्रबंध होता सिनेमावर. त्यातही एकाच सिनेमावर, 'मिसेस डनिगनचा नवरा' या जुन्या बोलपटावर. तो तिनं लहानपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आईबरोबर पाहिला होता. आई शिवणकाम करायची आणि शनिवारी तिला सिनेमाला न्यायची. खरी मजा परतीच्या वाटेवर असायची, कारण मायलेकी भांडत घरी यायच्या. "त्यानं तिला फसवलं." "फसवलं कुठं? सांगितलं नाही एवढंच." "न सांगणं म्हणजे फसवणंच." "मग तू बाबांना माझे मार्क सांगितले नाहीस, ते काय होतं?" तत्त्वज्ञान हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी नेओमी तत्त्वज्ञानच करत होती, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन. सिनेमा वगळला तर या प्रबंधात तिचं असं काही उरत नव्हतं.

आणि व्हिटकम नेमका सिनेमाच वगळायला सांगत होते.

"प्रकरण चांगलं आहे, मिस टार्लो," तिचे कागद टेबलावर ठेवत ते म्हणाले होते. उंच, वाकलेला माणूस. कोपरावर ठिगळ लावलेला कोट. "शेवटच्या प्रसंगात नवरा परत येतो, बायको दार उघडते आणि म्हणते, 'मी तुला माफ केलं.' ते वाक्य म्हणणं हेच माफ करणं, हे तुम्ही छान दाखवलंय. मीही आयुष्यभर तेच सांगत आलोय, माफी शब्दानंच होते म्हणून. पण यात सिनेमा कुठं आहे?"

"सगळं सिनेमाबद्दलच आहे, प्रोफेसर."

"सगळं त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य तुम्ही मला पोस्टकार्डावर लिहून पाठवलं असतंत, तरी तेच कळलं असतं. मग पडदा, अंधार, ती बाई, तिचा जिना, हे सगळं कशाला?"

घोडं तिथंच पेंड खात होतं. शेवटी व्हिटकमनीच तोड काढली. येत्या बुधवारी टेबलाऐवजी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. वाक्याला जमलं नाही असं सिनेमानं काय केलं, ते नेओमीनं दाखवायचं. दाखवता आलं तर सिनेमा राहील. नाही आलं तर तिनं 'माफ करणे' या शब्दावर सरळ, नीटनेटका प्रबंध लिहावा.

"आणि तुला उत्तर सुचलंय?" गाडी विद्यापीठाच्या फाटकातून आत घेताना रोझनं विचारलं.

"नाही."

"वा! मग एवढी खूश कशाला झालीयेस?"

"अगं, तो परत बघायला मिळतोय!" नेओमी म्हणाली. तेव्हा सिनेमा घरी आणून बघायची सोय नव्हती. एकदा गेला की गेला. तिनं तो दोनदा पाहिला होता, आईबरोबर आणि मग कॉलेजात असताना रोझबरोबर. बाकी सगळं आठवणीवर.

रसायनशास्त्राच्या व्याख्यानगृहात पडदा होता, म्हणून सगळे तिथं जमले. खोलीला गॅसचा वास येत होता. रोझ होती वाङ्मय विभागातली, पण प्रोजेक्टर तिच्याइतका कुणाला वश नव्हता. बुधवारची मंडळी बाकांवर बसली. पहिल्याच रांगेत गिडियन फेरिस. त्याचा कप तिसऱ्या खिळ्यावर होता आणि तो मिळाल्यापासून हा नाकानं कांदे सोलत असे.

"मक्याच्या लाह्या मिळणार आहेत का?" त्यानं मागं वळून विचारलं.

"तू तोंड बंद ठेवणार असशील तर आणते," रोझ म्हणाली आणि दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला, आणि पहिल्या दहा मिनिटांत ही गंभीर मंडळी खिदळू लागली. चेट डनिगन हा फिरता विक्रेता, तोंडाळ आणि गोड. बोलण्याला खंड नाही. "वचन देतो!" "शपथ घेतो!" "चुकलो, हजारदा चुकलो!" हे त्याच्या तोंडून नळासारखं वाहायचं. त्याची बायको व्हायोला टोप्या शिवायची आणि मोजकंच बोलायची. चेट चिखलाचे बूट घेऊन घरात शिरायचा आणि ती मागोमाग फडकं घेऊन फरशी पुसायची. मग कळतं, याची नोकरी केव्हाच गेलीये. हा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघतो आणि दिवसभर स्टेशनात बसून राहतो. व्हायोला त्याला घराबाहेर काढते. त्यानंतर तो पत्रं पाठवतो, तारा पाठवतो, फुलं पाठवतो, तिच्या खिडकीखाली माफीचं गाणं म्हणायला चार भाडोत्री गवई उभे करतो. व्हिटकम गवयांना बघून इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. नेओमीला वाटलं, बाजी मारली. हसणारा माणूस अर्धा आपला झालेला असतो.

शेवटचं रीळ लागलं. जिना, त्यावर चेट, या वेळी रिकाम्या हातानं, हॅटवर पाऊस. एकही शब्द न बोलता तो वर येतो. दार उघडतं. नेओमी पुढं सरकली आणि तिचे ओठ ते वाक्य आधीच म्हणू लागले.

पडद्यावर व्हायोलानं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "पाय पूस. आत्ताच फरशी पुसलीये."

चेटनं खाली बघितलं. पायपुसण्यावर बूट घासले, उगाच बराच वेळ घासले. मग तो आत गेला, दार लागलं, संगीत वाजलं, संपलं.

दिवे लागले. नेओमीच्या पायाखालची वाळू सरकली होती.

"मिस टार्लो," फेरिस सावकाश म्हणाला, "तुमच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर एक वाक्य आहे, अवतरणचिन्हांत. ते कुठं गेलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. रोझनं रीळ काढून दिव्यासमोर धरलं. "तुकडा कापलेला असणार. थांब." तिनं फिल्म बोटांमधून सरकवली. "नाही. जोड नाही कुठं. पण नेओमी, ती म्हणाली होती! मी तुझ्या शेजारी होते! मी शपथेवर सांगते!"

"मीही सांगतो," व्हिटकम म्हणाले.

सगळ्या माना तिकडे वळल्या. म्हातारा उभा राहिला होता.

"हा सिनेमा आला तेव्हा मी तरुण होतो. तिनं ते म्हटलं होतं. 'मी तुला माफ केलं.' म्हणताना तिचा आवाज दाटून आला होता. मिस टार्लोंचं प्रकरण वाचताना मी ते वाक्य तपासायलाही गेलो नाही, कारण मला ते ऐकू येत होतं."

एकेक शब्द चिमट्यानं उचलून तोलणारी ही माणसं, त्यांतल्या दोघांनी आणि रोझनं तेच वाक्य ऐकलं होतं, आणि ते वाक्य कुणी म्हटलंच नव्हतं! नेओमीला लाजेनं जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. पण त्या लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते इतक्या वेगानं येत होतं की तिला बसवेना. ती फळ्यापाशी गेली.

"मी चुकले. वाक्य नाहीये. माझं सगळं प्रकरण कचऱ्यात टाका. पण त्याआधी मला आपला नेहमीचा प्रश्न विचारू द्या. नवरा दारात आहे. बायको म्हणते, 'पाय पूस.' तिनं काय केलं असं आपण म्हणू?"

"माफ केलं," मागून एकजण म्हणाला.

"माफच केलं," दुसरा म्हणाला. "बाहेरच ठेवायचा असता तर पाय कशाला पुसायला लावले असते?"

"छे!" फेरिस उसळला. "ती दूधवाल्यालाही म्हणाली असती, पाय पूस. म्हणजे काय, तिनं दूधवाल्याला माफ केलं?"

हशा पिकला. नेओमी मात्र टाळी वाजवून ओरडली, "बरोबर! फेरिस, अगदी बरोबर! दूधवाल्याला म्हटलं असतं तर ती माफी नसती. मग इथं ती माफी कशानं झाली?" ती व्हिटकमकडे वळली. "प्रोफेसर, हे वाक्य पोस्टकार्डावर लिहून पाठवा. वाचणाऱ्याला काय कळेल?"



"कुणाचीतरी फरशी ओली आहे, एवढंच कळेल!" नेओमी म्हणाली. "माफी त्या वाक्यात नाहीये. ती त्या जिन्यात आहे, त्या चिखलात आहे. ती त्या नवऱ्यात आहे, जो इतक्यांदा चुकलो चुकलो म्हणाला की त्या घरात माफीच्या शब्दाला काही किंमतच उरली नाही. 'माफ केलं' म्हणणं हे चेटचं बोलणं झालं असतं. व्हायोला स्वतःच्या भाषेत बोलली. आणि तिची भाषा आपल्याला सिनेमानं शिकवली, तासभर, फरशी पुसून पुसून. रोझ, तिनं त्याला हाकललं तो प्रसंग लाव!"

"कितव्या रिळात आहे बाई तो?" रोझ डबे उघडत सुटली. पण तिचे डोळे चमकत होते.

पुन्हा अंधार. पडद्यावर चेट घराबाहेर पडतोय. हातात पेटी. दारात त्याला एकाएकी आपल्या बुटांची लाज वाटते आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच पायपुसण्याकडे वळतो. व्हायोला म्हणते, "राहू दे. आता काय फरशीचं."

अंधारात कुणीतरी जोरात श्वास घेतला. हे वाक्य मघाशी सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं.

"बघा!" नेओमी म्हणाली. "राहू दे म्हणाली तेव्हा संसार संपला. पाय पूस म्हणाली तेव्हा सुरू झाला. कुठल्या शब्दकोशात सापडेल हे?"

"शेवट लावा," अंधारातून व्हिटकम म्हणाले. "परत लावा शेवट."

रोझनं शेवट लावला. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा व्हिटकम उठून थेट पडद्यापाशी गेले. त्यांची लांब सावली जिन्यावर पडली आणि चेट डनिगन त्यांच्या पाठीवरून चढू लागला.

"खाली बसा, प्रोफेसर!" मागून ओरडा झाला.

"साखळी!" व्हिटकम पडद्यावर बोट आपटत ओरडले. "दाराची साखळी बघा! ती आधी निघते! दार उघडायच्या आधी! त्याचं तोंड दिसायच्या आधी! पावलं ओळखली तिनं!"

"थांबा, थांबा," फेरिस बाकावर चढला होता. "मग माफी केव्हा झाली? साखळी काढली तेव्हा की बोलली तेव्हा?"

"बोलली तेव्हा. साखळी काढली तेव्हा नुसतं मनात होतं."

"साखळी काय मनात असते होय? ती दारात असते!"

"आणि त्यानं पाय पुसलेच नसते तर?"

आता सगळेच उभे होते. सगळेच बोलत होते, आणि प्रत्येकाला रोझकडून वेगळाच तुकडा पुन्हा बघायचा होता. एकानं जिन्यावरची पावलं मोजायला घेतली. रोझ कपाळाला हात लावून म्हणाली, "एक रीळ जळलं ना, तर भाडं तुम्ही सगळे मिळून भरायचं." नेओमी फळ्याला टेकून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. ब्राँक्सच्या त्या रस्त्यावर एका वेळी दोघीच भांडायच्या. इथं अख्खी खोली भांडत होती.

गलबला जरा ओसरल्यावर ती व्हिटकमपाशी गेली. ते पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होते.

"प्रोफेसर, तिचा आवाज दाटून आला होता म्हणालात. तुम्ही खरंच ऐकलं होतं ते?"

व्हिटकमनी चष्म्याची काच उजेडाकडे धरली. खोटं उत्तर त्यांना देता येत नसे, बोलायच्या ओघातलंसुद्धा.

"नाही," ते म्हणाले. "मला ते कळलं होतं. कळलेलं मी ऐकलं म्हणून जपून ठेवलं, इतकी वर्षं. आणि त्यावर लिहून मोकळा झालो की माफी शब्दानंच होते." त्यांनी चष्मा चढवला. "फार वाईट झालं, मिस टार्लो. या वयात मला ते सगळं परत लिहावं लागणार." पण तोंडावर वाईट काही दिसत नव्हतं. बक्षीस मिळालेल्या पोरासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

सिनेमाचं काय, ते मात्र ते बोलले नाहीत. नेओमी वाट बघत उभी राहिली. ते उठले, कोट झटकला आणि कॉफीला चला म्हणून सगळ्यांना हाकलत पुढं निघाले.

टेबलाच्या खोलीत भांडण तसंच चालू होतं. लोकांनी खिळ्यांवरून आपापले कप काढले. व्हिटकम किटली घेऊन सगळ्यांना कॉफी ओतत होते आणि ओतता ओतता फेरिसला साखळीबद्दल सुनावत होते. सिनेमा ठेवायचा की वगळायचा? विचारावं का सरळ? तिनं नेहमीप्रमाणे कागदी पेल्यांच्या चळतीकडे हात नेला.

"तो हिरवा घ्या," व्हिटकम मान न वळवता म्हणाले. "कडेला टवका उडालाय त्याच्या. ओठ सांभाळा."

आणि ते फेरिसकडे वळले. "तर मी काय म्हणत होतो, साखळी ही कृती आहे."

नेओमीनं हिरवा कप काढला. धूळ फुंकली, कोटाच्या बाहीनं पुसला, पुढं धरला. व्हिटकमनी बोलण्याच्या नादात तो काठोकाठ भरला. तिनं घोट घेतला. टवका नेमका तिच्याच बाजूला होता.

तेवढ्यात फिल्मचे डबे छातीशी धरून रोझ दारातून आत आली आणि तिच्या कानाशी लागली. "काय म्हणाले? सिनेमा ठेवायचा? मान्य आहे म्हणाले?"

"नाही म्हणाले तसं."

"अगं मग काय म्हणाले? सांग ना मेले!"

"म्हणाले," नेओमीनं कप वर धरला, "टवका उडालाय, ओठ सांभाळा."

रोझनं तिच्या हातातला कप बघितला. मग भिंतीवरच्या रांगेत टोकाचा रिकामा खिळा बघितला. डबे धाडकन खाली सोडून तिनं नेओमीला मिठी मारली. कॉफी दोघींच्या अंगावर सांडली, आणि फरशीवरही.